आरशाच्या मुलीचं गणित

मशीन बंद करून त्याने घरमालक साहेबांना विचारलं, "साहेब, पोरीला गणितच शिकायचंय. कुठल्या गणिताला चांगली नोकरी?"

हा फरशी पॉलिश करणारा. सगळे त्याला आरसा म्हणत. त्याने घासलेल्या फरशीवर बसायला गेलेली माशी घसरून तंगडी मोडून घेई म्हणे. साहेब विमा कंपनीतलं बडं प्रस्थ.

"विमागणित!" साहेब म्हणाले. "कोण किती जगणार, याचा अंदाज बांधायचा. लोक काही मरायचे थांबत नाहीत, तेव्हा नोकरी पक्की."

आरसा हसता हसता खोकला. दगडाची धूळ नाकातोंडात गेली की असं व्हायचंच.

घरी मुलीने तोंड फुगवलं. "बाबा, मला शुद्ध गणित हवंय. माणसं मरायची वाट बघायची नाहीये."

"शुद्ध गणितावर भात शिजतो का? मी काय हौसेने दगड घासतो?"

"पण मला नाही आवडत!"

"पगार सुरू झाला की आवडेल."

आणि आवडलं की! मुलगी त्याच कंपनीत लागली, साहेबांच्याच हाताखाली. आरसा कुठल्याही घरात आधी मुलीचं कौतुक लावी, मग मशीन.

पुढे खोकला वाढला. आपल्यामागे बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्याने मुलीच्याच कंपनीत विमा मागितला. कंपनीने चक्क नाही म्हटलं.

"अगं, तुझ्या ऑफिसात कुणीतरी गाढव बसलंय," तो मुलीला म्हणाला. "कान उपट त्याचे."

मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "नियम माझाच आहे, बाबा. दगड घासणारे घ्यायचे नाहीत. ते लवकर जातात. कंपनीला परवडत नाही."

"जातात म्हणजे... मी पण?"

"एकेकट्याचं नसतं ते. सगळ्यांची मिळून सरासरी धरतात."

"अगं, बापाशी बोलतेयस तू!" आई कडाडली.

"मग खोटं बोलू? हे शिक म्हणून त्यांनीच सांगितलं ना?"

आरशाला उबळ आली. आता मात्र मुलीने मान वर केली आणि टिचकी मारून कलिंगड पारखावं तशी ती त्याचा खोकला ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने सगळ्यांना सांगितलं, "आपल्याला विमा नाही. नियम कुणी केलाय माहितीय? माझ्या पोरीने!"

तेव्हापासून मुलगी घरात असली की आरसा खोकायला जिना उतरून खाली जाई. वर आल्यावर दाराबाहेर थांबून दम खाई, तोंड पुसून घेई आणि मगच हसत हसत आत येई.