जनरेटरला मत

आमच्या इमारतीत पर्यावरणाचं प्रेम नुसतं ओसंडून वाहतं. लिफ्टमध्ये झाडाचं चित्र आहे, सेक्रेटरी कापडी पिशवी मिरवत बाजारात जातात, आणि 'पृथ्वी वाचवा' म्हणून फोनवर सकाळ-संध्याकाळ निरोप येतात. मात्र दुपारी वीज गेली की तळमजल्यावर, नेमका माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली, डिझेलचा जनरेटर धडधडायला लागतो आणि हे सगळे पृथ्वीप्रेमी वर पंखे लावून निवांत घोरतात. धूर आम्ही खातो.

लेकीने बाळाला इथे एकदाच आणलं. दोन दिवसांत बाळाची छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले, धुरात ठेवू नका. तेव्हापासून लेकीचं एकच पालुपद, "आई, जनरेटर हलला की येते." नात आता बसायला लागली म्हणे. मी तिला फोनच्या काचेवरच बघते.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी जनरेटर काढून गच्चीवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवायचा ठराव आणला, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलणार होतं. फक्त मतं हवी होती. मत फ्लॅटला एक, आणि फ्लॅट आमच्या ह्यांच्या नावावर. म्हणजे जन्मभर संसार मी रेटायचा आणि हात ह्यांनी वर करायचा.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. दातांच्या डॉक्टरांची बायको म्हणाली, "मी सौरऊर्जेच्याच बाजूची आहे हो, पण मग चादरी कुठे वाळत घालायच्या?" सेक्रेटरी म्हणाले, "आपला पाठिंबा आहेच. आधी शेजारच्या इमारतीला करू दे, मग बघू." बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, पॅनेल आसपासचं सगळं ऊन ओढून घेतात, असं त्यांनी वाचलंय. कुणी हसलंसुद्धा नाही. उलट दोघातिघांनी माना डोलावल्या. असल्यांच्या मतांवर देशाचं भवितव्य ठरतं, हे आठवून माझं डोकंच फिरलं.

मग मतं मोजायला घेतली. ठरावाच्या बाजूचे हात वर झाले. ह्यांचा हात मांडीवर.

"अहो, हात," मी कोपराने ढोसलं.

हे ढिम्म. विरोधात कोण, असं विचारल्यावर मात्र हात ताडकन वर गेला. ठराव एका मताने पडला.

घरात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "असं का केलंत?"

"ती वकीलबाई त्या विरोधी पक्षाची आहे. सौर-बिर हे सगळं त्यांचंच खूळ. उद्या निवडणुकीत मिरवतील, 'बघा, आम्ही करून दाखवलं' म्हणून."

"आणि नात?"

"तिचा काय संबंध? हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, हे ऐकून होते. त्यातलाच एक रोज माझ्या हातचं जेवतो, हे माहीत नव्हतं. बरं, ह्यांचा तो लाडका पक्ष ह्यांना ओळखतही नाही. एकदा ह्यांनी नेत्याला हार घातला, तर त्याने ह्यांच्याकडे न बघताच तो काढून मागच्याच्या हातात दिला. तरी हे आठवडाभर हवेत होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ह्यांनीच स्पीकर लावला.

"काय झालं, बाबा?"

"पडला गं ठराव. लोकांना अक्कल नाही, दुसरं काय," असं म्हणून ह्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

इतक्या वर्षांत मला ह्यांचा राग पुष्कळदा आला होता. किळस पहिल्यांदाच आली. मी फोन ओढून घेतला.

"एका मतानं पडला. ते मत तुझ्या बाबांचं."

पलीकडून बाळाची बडबड ऐकू आली. मग लेक म्हणाली, "आई, तू इकडे निघून ये. राहायलाच ये."

ह्यांनी कप खाली ठेवला. "आणि माझ्या जेवणाखाण्याचं काय?"

"पक्षाला विचारा," मी म्हटलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली.