डाव्या किडनीवरची ताई

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. माझ्या डाव्या किडनीच्या वरच्या खोलीत आमची रेवाताई राहते.

आत्ताच स्कॅनमध्ये दिसली. चिरफाड वगैरे काही नाही यार, हातात सुईनं एक औषध आणि मशीनमध्ये गप पडून राहायचं. अंगात मीठ अडवून बीपी चढवणारं हार्मोन जिथं जास्त बनतं, तिथं त्या औषधाचा उजेड पडतो. पडद्यावर सगळा अंधार, आणि डावीकडे हरभऱ्याएवढी एक खोली लख्ख पेटलेली. आत ताई मांडी घालून बसलेली, मांडीत लोणच्याची बरणी. माझीच बरणी! वर्षापूर्वी तिनंच माझ्या हातातून हिसकावलेली.

तुला माहितीये, बोटीवरच्या नोकरीच्या मेडिकलला मी दोनदा नापास झालो, या बीपीपायी. तेव्हा सगळ्यात जास्त रडली कोण? ताई. "लपून पापड खातो हो हा," असं नातेवाइकांत सांगत फिरली कोण? तीच. आणि मी वर्षभर अळणी वरणभात गिळतोय!

बाहेर बाकावर ती माझ्या चपला सांभाळत बसली होती. मी हाक मारली. आली, पडद्याकडे बघितलं, अंबाडा नीट केला. आतल्या ताईनंही केला.

"ताई, हे काय?"

"तू बोटीवर गेलास की आईबाबांचं करायला मी एकटी उरते, निन्या. हलू नकोस, फोटो बिघडेल."

मशीन मला घट्ट व्हायला लागलं. खांदे घासले.

डॉक्टर म्हणाले, "गाठ एकाच बाजूला आहे, म्हणजे काढता येईल. बीपी उतरेल. दोन्हीकडे असती तर नसतं काढता आलं, जन्मभर गोळ्या."

"आतली काढली तर ही बाहेरची?"

"ती वेगळी कशी राहील?"

तेवढ्यात आतल्या ताईनं डावीकडचा दिवा तसाच ठेवला, वाटीभर लोणचं काढून घेतलं आणि उजव्या किडनीकडे निघाली. मणका ओलांडायला तिनं पाय उचलला. बाहेरची माझ्या चपला छातीशी धरून उभी. तिचाही एक पाय वर.

"काढू?" डॉक्टरांनी विचारलं.

माझे हात मशीननं अंगाशी दाबून धरलेत. ताई अजून एका पायावर उभी आहे, माझ्याकडे बघत. सांग ना, तू असतास तर काय केलं असतंस?