बाबांच्या रस्त्याचा तुकडा

"केसाइतकीही चाकोरी पडायची नाही, बघशील तू!" सकाळी ती कामावर निघताना बाबांनी बजावलं होतं. आता त्यांच्या रस्त्याची लादी यंत्रात होती.

बाबांनी जन्मभर रोलर चालवला. बाजाराचा रस्ता त्यांनीच दाबलेला. तो ठेवायचा की उकरायचा, हे त्यातून कापून आणलेल्या लादीवर ठरणार होतं. आणि डांबराच्या प्रयोगशाळेत त्या यंत्रापाशी बसलेली कोण, तर त्यांचीच मुलगी! नशिबालाही कधीकधी भलतीच थट्टा सुचते.

यंत्राच्या काचेआड उन्हाळा कोंडलेला होता. छोटंसं वजनदार चाक लादीवरून जायचं, यायचं, पुन्हा जायचं. बघता बघता डोळे जड झाले. तापलेल्या डांबराच्या वासाने ती लहान झाली, रोलरवर बाबांच्या पुढ्यात बसली आणि जगातल्या सगळ्यात सावकाश गाडीतून निघाली. रस्ता काळाभोर, चमकणारा, आणि त्याला शेवटच नव्हता.

"ताई, झोपलात की काय?" साहेबांनी दारातून हटकलं. "चाक अंगाई गातंय वाटतं!"

ती दचकली. ओशाळून हसली. साहेब गेल्यावर तिने चाकोरीची खोली दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. चाक रुतत चाललं होतं.

उष्णतेचं बटण हाताशीच होतं. जरासं मागे फिरवलं असतं तर डांबर आवळून बसलं असतं, रस्ता वाचला असता, कोणाला पत्ताही लागला नसता. तिने बोटं टेकवली. पण बाहेरचं ऊन काही तिच्या बोटांचं ऐकणार नव्हतं. तिने हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. चाक आपलं जात-येत राहिलं.

संध्याकाळी साहेबांना विचारून तिने ती जड लादी पोत्यात घालून घरी आणली. बाबांना हल्ली धड दिसत नाही. त्यांनी टेबलावरची लादी पंजाने चाचपली. बोट चाकोरीत अडकलं.

"रुतली की गं."

"हो बाबा. उकरणार आहेत."

बाबांनी लादी जवळ ओढली.

"एवढी माणसं गेली हिच्यावरून?"

यंत्रातलं ते एकटं चाक तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"खूप गेली, बाबा. सारखी जातच होती."

बाबा हसले. त्यांचं बोट चाकोरीतून सावकाश पुढे गेलं, काठापाशी थांबलं आणि तसंच मागे आलं.