टेलरबाईंच्या खिडकीखालची मोटारसायकल

मोटारसायकल चोरीला गेली त्या सकाळी चोराने एकच वस्तू मागे ठेवली होती, ती म्हणजे लोखंडी खांब. ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशी पाटी मिरवणारा तो खांब फुटपाथवर आडवा पडला होता. त्याच्या जागी जेमतेम वीतभर खोल खड्डा उरला होता. चोराने खांब उपटला, त्याच्या बुडातून साखळी सोडवली आणि साखळी-कुलपासकट गाडी नेली. कुलपाला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

ते कुलूप किल्लीकाकांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात बसून त्यांनी कुलपं केली, उघडली, दुरुस्त केली. आता ते सकाळीच खाली उतरून उकिडवे बसले होते आणि खड्ड्यात बघत होते. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई खिडकीतून म्हणाल्या, “काका, बैल गेला, आता झोपा बघताय होय?”

काका खड्ड्यात हात घालून खोली मोजत होते. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं कुलूप घेऊन यायची. दार घेऊन कधीच कोणी आलं नव्हतं. त्यामुळे कुलूप ज्याला लावतात ती वस्तू पक्की आहे की नाही, हे बघायची सवयच त्यांना लागली नव्हती. कुलूप चोख आहे ना, मग झालं. एवढ्या मोठ्या कारागिराची चूक एवढी साधी होती.

गाडी त्यांच्या लेकीची होती. म्हणजे चालवायची ती, मालकी दवाखान्याची. लेक नर्स होती आणि घरोघर फिरायची. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, तान्ह्या बाळांची वजनं करायची. अकरा वर्षं हीच फेरी. तिच्या यादीत सगळ्यात वर एक निवृत्त बस कंडक्टर होते, टेकडीवरच्या वस्तीत राहणारे. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. रोज सकाळी आठला पट्टी बदलायची. आठ वाजून दहा मिनिटं झाली की कंडक्टर घड्याळाकडे बघायचे आणि स्वतःच पट्टी सोडायला बसायचे. जन्मभर वेळापत्रकावर जगलेला माणूस. उशीर म्हणजे गाडी रद्द, असाच त्यांचा हिशेब.

दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरांनी लेकीला दुसरी मोटारसायकल दिली, पण बजावून दिली. ही गेली तर फेरी दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, ज्याच्या घरी गाडी आत ठेवायला जागा आहे त्याला. आणि लेकीला दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसवतील. लेकीने घरी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त जेवताना पोळीचा एकच तुकडा बराच वेळ मोडत राहिली. काकांनी ते पाहिलं.

“ही गाडी जाणार नाही,” ते म्हणाले.

आत ठेवायला खरंच जागा नव्हती. जिना एका माणसाचा, आणि अंगणात पाण्याच्या टाक्या. म्हणजे गाडी उघड्यावरच राहणार, हे धरून चालायचं होतं. काका तीन दिवस समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले आणि आपण चोर असतो तर काय केलं असतं, याचा विचार करू लागले. कुठे अंधार पडतो, टेंपो कुठे लागतो, कुठल्या खिडक्या लवकर मिटतात. येणारे-जाणारे विचारायचे, काका, बरं नाही का? टेलरबाई सांगायच्या, बरं आहे हो, नवा धंदा शिकतायत.

तिसऱ्या दिवशी काकांनी जागा ठरवली. टेलरबाईंच्या खिडकीखालची. बाई दुकानामागच्याच खोलीत झोपायच्या आणि त्यांची झोप सावध होती. भिंत त्यांची असल्यामुळे परवानगी मागावी लागली. अडकणारं दार नीट करून द्या, एवढ्यावर त्या राजी झाल्या. काकांनी आधी दार नीट केलं. मग जमीन हातभर खणली, बोटाएवढी जाड सळई घोड्याच्या नालेसारखी वाकवली, तिची टोकं खाली फाकवली आणि वर काँक्रीट भरलं. ते सुकायला चार दिवस लागले. ते चार दिवस गाडी दवाखान्यातच राहिली आणि लेक पहाटे उठून चालत गेली.

साखळी त्यांनी मागच्या चाकातून आणि गाडीच्या चासीतून ओवली. नुसत्या पुढच्या चाकाला बांधली, तर चोर चाक सोडून ठेवतो आणि बाकीची गाडी नेतो. साखळी ताणून धरली, कारण जमिनीवर लोळणारी साखळी म्हणजे चोराला आयती ऐरण. वरून घण घातला की काम झालं. कुलपाचं तोंड, म्हणजे किल्लीचं भोक, खाली केलं. पुढच्या ब्रेकच्या डिस्कला दुसरं कुलूप, हँडलला तिसरं, साखळीवर आणखी एक छोटं चौथं. वर करड्या रंगाचं आच्छादन, म्हणजे खाली कोणती गाडी आहे ते कळायलाच नको.

“नाकापेक्षा मोती जड,” टेलरबाई म्हणाल्या.

पहिल्याच सकाळी त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चार किल्ल्या, चार कुलपं, त्यातलं एक उलटं. गाडी सुटेपर्यंत लेकीचे हात काळे झाले आणि कंडक्टरांनी अर्धी पट्टी सोडलेली होती. दुपारी येऊन ती काकांसमोर चारही किल्ल्या ठेवून म्हणाली, “बाबा, मी नर्स आहे, जेलर नाही.”

काका हसले, पण रात्रभर त्यांना ते बोचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कुलपं काढून टाकली. उरलेल्या दोन कुलपांचे खटके कानशीने घासून असे जुळवले की दोन्हींना एकच किल्ली लागावी. मग लेकीला खाली बोलावलं आणि हातात घड्याळ धरून तिच्याकडून पाच-सहा वेळा गाडी सोडवून घेतली, बांधून घेतली.

“चोर कुलपाला भीत नाही, वेळेला भितो,” ते तिला म्हणाले. “त्याला दहा मिनिटं लागली पाहिजेत आणि तुला अर्धं मिनिट. तेवढं जमलं की झालं.”

तिला पंचवीस सेकंद लागले.

दोन महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी साडेसातला लेक खाली उतरली तर आच्छादन बाजूला पडलं होतं. साखळीच्या एका कडीवर कापल्याची बारीक खूण होती आणि गाडीशेजारी एक चप्पल होती. गाडी जागेवर होती. चप्पल टेलरबाईंची निघाली. पहाटे खुडबुड ऐकून मांजर समजून त्यांनी ती खिडकीतून भिरकावली होती आणि मांजर फारच जड पावलांनी पळालं होतं.

लेकीने किल्ली लावली. डिस्कचं कुलूप उघडलं. साखळीच्या कुलपात किल्ली अर्धीच गेली. चप्पल पडली तेव्हा चोराने कुलूप उघडायला घातलेलं पातं आत मोडून राहिलं होतं.

काका हत्यारांची पेटी घेऊन खाली आले. बारीक हूक घालून त्यांनी पातं ओढून पाहिलं, चिमटा लावून पाहिला. पातं हललं नाही. पावणेआठ झाले. लेक बॅग खांद्याला लावून चालत निघायच्या बेतात होती. टेकडी चढून जायला तिला पाऊण तास लागला असता.

“थांब,” काका म्हणाले. “मी कापतो.”

पण कापणार काय? कुलूप कठीण, साखळी कठीण, जमिनीतली सळई त्याहून कठीण. कुठेही कच्चा दुवा राहू नये म्हणून त्यांनीच तर ती मेहनत केली होती. टेलरबाईंनी शिलाई मशीनची वायर काढली आणि ग्राइंडरसाठी खिडकीतून प्लग दिला. लेकीने पेट्रोलच्या टाकीवर ओलं पोतं टाकलं. बाई पाण्याची बादली घेऊन उभ्या राहिल्या.

ठिणग्या उडू लागल्या. रस्त्यावरची माणसं थांबली, वरच्या खिडक्या उघडल्या. त्या आवाजाला कुणीही जागं झालं असतं. एक कडी, तीही दोन ठिकाणी कापायची. पहिली चकती झिजून संपली, काकांनी दुसरी चढवली. ग्राइंडर त्यांनी सरळ धरला होता. लेक घड्याळ बघत मिनिटं मोजत होती, मोठ्याने. अकराव्या मिनिटाला कडी तुटून खाली पडली. काकांनी साखळी ओढून काढली, चाक फिरवून पाहिलं आणि बाजूला झाले.

“जा.”

ती गेली. टेलरबाईंनी बादली खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “इतकी मेहनत केलीत आणि शेवटी स्वतःच तोडलीत.”

“तोडायला मला अकरा मिनिटं लागली,” काका म्हणाले, “दिवसाउजेडी, तुमची वीज घेऊन. चोराला ती मिळणार नाहीत.” मग तुटलेली कडी हातात फिरवत पुढे म्हणाले, “पण कुलपाचं तोंड उघडं ठेवलं, हे चुकलंच माझं.”

साडेआठला लेकीचा फोन आला. कंडक्टरांनी पट्टीची दोन वेटोळी सोडली होती, तिसऱ्याला ती पोचली. जखम बरी दिसत होती. पण त्यांनी दवाखान्यात फोन करून बारा मिनिटं उशिराची तक्रार नोंदवून ठेवली होती, त्यामुळे मोठ्या सिस्टरांनी तिला लगेच विचारलं होतं, गाडीचं काय झालं, म्हणून.

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, चोर येऊन गेला. गाडी माझ्याकडेच आहे आणि मी दुसऱ्या घरी निघालेय.”

“त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, बरं, मग बाळाचं वजन लिहायला विसरू नकोस.”

काकांनी फोन ठेवला. लेक दोन वाजता परत येणार होती आणि तोवर गाडी बांधायला कुलूप हवं होतं, तोंडावर लोखंडी झाकण असलेलं. त्यांनी दुकानाचं शटर वर केलं, नव्या कुलपासाठी पत्रा शिकंज्यात धरला आणि कानस हातात घेतली.