पुढं कललेली खुर्ची

केदारीने आयुष्यात खुर्ची पाहिली होती ती बसलेल्या माणसासकट. विणकरांच्या खासबाग वस्तीतल्या त्याच्या घरात दोन पाट होते, एक घोंगडं होतं आणि माग होता. माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या कडेवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तसाच म्हातारा होतो. त्याला खुर्ची कशाला लागते? खुर्ची होती ती कंट्रोलच्या सुताच्या दुकानात, आणि तिच्यात कारकून होता. लढाई सुरू झाल्यापासून सूत मोजूनमापून मिळे. केदारी दर सोमवारी त्या कारकुनापुढे उभा राही, आणि इतक्या सोमवारांत त्या गृहस्थाला उठलेलं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्यामुळे खुर्चीला पाठीमागून काय असतं आणि बुडाखाली काय असतं, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

असा माणूस खुर्ची करायला निघाला, तो बायाक्कापायी.

बायाक्का त्याची थोरली बहीण. केदारी चार वर्षांचा असताना आई गेली, आणि त्याच साली नवरा वारल्यामुळे बायाक्का माहेरी परत आली. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, मागावर बसवलं, लग्न करून दिलं. साठी उलटली तरी सुताच्या कांड्या तीच भरत होती. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी परसात पाय घसरला आणि उजवा गुडघा आखडला तो आखडलाच. जमिनीवर टेकली की उठता येईना. एका काखेत केदारीने हात घालायचा, दुसऱ्या काखेत त्याच्या बायकोने, नागुबाईने, आणि दोघांनी मिळून उचलायचं. परसाकडं जायचं म्हणजे हे सगळं आलंच.

संक्रांत गेली आणि बायाक्का वाळायला लागली. भाकरी चतकोरावर आली.

"जेवणाचं सोडा," नागुबाई एकदा केदारीला म्हणाली, "उशाचा तांब्या सकाळी भरून ठेवते, त्यो सांजंला तसाच. माणूस पाण्याबिगर कसं ऱ्हाईल, आवं?"

केदारी आक्कापाशी जाऊन बसला. "आक्का, पाणी का पीत न्हाईस?"

"तहान न्हाय," बायाक्का म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

दवाखान्यात नेऊन आणलं. केदारीला दाराबाहेरच थांबवलं; आत डॉक्टरला गुडघ्यापलीकडे काही सापडलं नाही. पण परत येताना बैलगाडीत ती आपणहून बोलली, "तितली ती हाताची खुर्ची लई चांगली हुती रं." बस्स, एवढंच. केदारीने ते धरून ठेवलं. या बाईने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा. मागून मागितलं ते काय, तर खुर्ची? दोन बोटांच्या पाटावर जन्म काढलेल्या बाईला साहेबाची खुर्ची कशापायी पाहिजे, हे त्याच्या टाळक्यात शिरेना. पण आक्का जगली पाहिजे, एवढं त्याला चांगलं कळत होतं. ती गेली तर आपण पुन्हा चार वर्षांचे होऊ, अशी त्याला भीती वाटायची.

सूत नव्हतं, माग रिकामा होता, वेळच वेळ होता. परसातल्या फणसाची एक जाड फांदी गेल्या साली वादळात पडली होती. ती वाळून खणखणीत झाली होती. मष्णू सुताराने करवत आणि तासायला वाकस दिला, वर म्हणाला, "मी करून देतो की रं, तुझं काय काम हे?" केदारी नको म्हणाला. आक्काची खुर्ची आपल्याच हातची पाहिजे, असा त्याचा हट्ट. लोखंड महाग झालेलं, म्हणून खिळ्यांच्या जागी बांबूच्या खुंट्या. बैठकीला आणि पाठीला घायपाताच्या वाखाची दोरी; ती त्याने स्वतः वळली आणि अशी घट्ट विणली, की तिच्यावर नुसती थाप मारली तरी ढोलकीगत वाजावी. हात टेकायच्या दोन फळ्या जवसाचं तेल चोळून चोळून गुळगुळीत केल्या.

राहता राहिलं माप. खुर्ची किती उंच असावी? कारकुनाला विचारायची सोय नव्हती. मग केदारीला वाटलं, आपण खड्ड्यात पाय सोडून बसतो ती काय वेगळी बैठक आहे? तो खड्ड्यात उतरला. खड्ड्याच्या तळापासून बसायच्या कडेपर्यंत दोरा धरला. ते पुढच्या पायांचं माप. कडेच्या वीतभर मागे दोरा धरला; ते मागच्या पायांचं. स्वतःवर खूश होऊन त्याने करवत चालवली. पंचवीस वर्षं त्याच कडेवर बसून ती पुढून चांगली तीन बोटं झिजली आहे, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या बसण्याच्या जागेकडे कोण बघत बसतं?

खुर्ची झाली तेव्हा मष्णूला पहिला मान दिला. मष्णू ऐटीत बसला आणि हळूहळू पुढे घसरत उभा राहिला. पुन्हा बसला, पुन्हा उभा. केदारी बसला, त्याला तर ती मागावर बसल्यासारखी झकास वाटली. मष्णू पोट धरून हसत होता.

"आरं, ही पाव्हण्याला बसू देत न्हाय. हुसकून लावती," तो म्हणाला.

केदारीने खुर्चीभोवती चार फेऱ्या मारल्या. माप दोऱ्याने घेतलेलं, दोरा खोटं बोलत नाही. मग चुकलं कुठं?

बायाक्काला दोघांनी उचलून खुर्चीत ठेवलं. तिने दोन्ही हात फळ्यांवर टेकले आणि म्हणाली, "आसू दे. ऱ्हाऊ दे अशीच."

आणि नवल झालं. आठवड्याभरात चतकोराची अर्धी भाकरी झाली, पंधरवड्यात पुरी. नागुबाई तांब्या दोनदा भरू लागली. एके सकाळी केदारी परसात गेला तर बायाक्का भिंतीला धरून तिथं उभी, तुळशीला पाणी घालत होती. "कोण आणलं तुला हितं?" त्याने विचारलं. ती नुसती हसली. केदारीने मनाशी ठरवून टाकलं की खुर्चीचा मान मिळाला म्हणून आक्काचं मन उभारी धरून उठलं. तिला साहेबासारखं बसायला मिळालं, एवढाच त्याचा अर्थ.

पण मष्णू स्वस्थ बसू देईल तर ना. गल्लीत ज्याला त्याला तो घसरून दाखवी. "केदारीची खुर्ची बगितली का?" लोक मुद्दाम बसायला येत, घसरत आणि हसत जात. केदारीच्या ते जिव्हारी लागलं. आक्का बिचारी अशा खुर्चीत दिवसभर अवघडून बसते आणि आपल्या प्रेमापोटी बोलत नाही, असं त्याच्या डोक्यात भरलं. एका दुपारी ती अंघोळीला गेल्यावर त्याने खुर्ची पालथी केली आणि मागचे दोन्ही पाय पाच पाच बोटं कापले.

आता खुर्ची मागे रेलली. मष्णू बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "हां. आता झाली सायबाची." बायाक्का बसली, मागे टेकली. छताकडे बघत म्हणाली, "झ्याक झालीया, बाळ."

केदारीला त्या रात्री गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी नागुबाई म्हणाली, "तांब्या परत भरलेला ऱ्हातोय."

केदारीला काही समजेना. खुर्ची वाईट होती तेव्हा आक्का खात होती. खुर्ची चांगली झाली आणि आक्का वाळायला लागली. नागुबाईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, कुणाची नजर लागली असेल म्हणून. काही फरक नाही. "आक्का, तुला काय पाहिजे ते तरी सांग," तो काकुळतीला आला. "काय नको," बायाक्का म्हणाली. तो खुर्चीकडे बघे, आक्काकडे बघे, आणि डोकं खाजवी.

सोमवारी सूत संपलं म्हणून कारकुनाने सगळ्यांना हात हलवून परतवून लावलं. केदारी वेळेआधीच घरी आला. नागुबाई धुणं घेऊन गेली होती. दारातूनच त्याने पाहिलं: बायाक्काने दोन्ही हात फळ्यांवर रोवले, मान पुढे काढली, जोर लावला. अर्धीमुर्धी उठली आणि मागे पडली. पुन्हा जोर. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा पडल्यावर तिने पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत राहिली, जणू काही झालंच नाही.

केदारी दारात तसाच उभा राहिला.

तो आत येऊन तिच्या पायाशी बसला. "आक्का, तू पाणी का पीत न्हाईस?"

या खेपेला तिने तोंड फिरवलं नाही. "पाणी प्यालं की उठाय लागतं, बाळ."

"मग आमी हाय की उचलाय."

"तेच की." तिने हात फळ्यांवरून उचलून त्याच्यापुढे धरले. "तुला ह्या हातांनी धुतलं, पुसलं. आता तू मला काखंला धरून परसाकडं न्यायचं? मला खुर्चीत बसायचं न्हवतं रं. दवाखान्यातल्या त्या खुर्चीतनं मी माझी मी उठलते. म्हणून चांगली म्हणाले."

"मग पाय कापलं तवा बोलली का न्हाईस?"

"तू इतक्या हौसंनं केलतंस."

केदारीला लाज वाटली, आणि रागही आला, पण राग कुणावर काढायचा ते कळेना. तो उठला आणि कापलेले तुकडे शोधायला लागला. एक दाराला पाचर म्हणून ठोकलेला होता. दुसरा सापडेना, चुलीपाशी बघितलं, परसात बघितलं, शेवटी तो रांजणाखाली सापडला. भोकं पाडून त्याने बांबूच्या खुंट्यांनी ते पायांना जोडले आणि वरून वाखाची दोरी आवळून बांधली. तुटलं तर गाठ मारायची, हे त्याला खुर्चीपेक्षा बरं कळत होतं. पाय ओबडधोबड दिसत होते. संध्याकाळी मष्णू डोकावला आणि हसायला तोंड उघडणार, तोच केदारी म्हणाला, "आसू दे. ऱ्हाऊ दे अशीच." मष्णूने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायाक्काने नागुबाईकडे पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावून घटाघटा संपवला आणि दुसरा मागितला.

केदारी मागाच्या खड्ड्यात उतरला. मागावर एक धागा नव्हता. मागे खुर्ची करकरली, तसा तो पायाने रिकाम्या पावड्या दाबायला लागला, एकीमागून एक, खटाखट वाजतील अशा जोरात. एकेक पाऊल परसाच्या दाराकडे गेलं, कडी वाजली. त्याने मान वळवली नाही.