एकसष्ट अडलेल्या नोंदी

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं, गरगरलं आणि थांबलं. पाच वर्षांच्या माझ्या पुनमने कूस बदलली, पण उठली नाही. सासूबाईंनी आतून डोकावून हळूच विचारलं, जागी झाली का? मी मानेनेच नाही म्हटलं. दुपारचे साडेतीन. मेहरूणच्या आमच्या या घरात मला कामाला मिळतो तो एवढाच वेळ, तिच्या झोपेचा.

काम धुळ्याचं होतं. तिथल्या एका प्रसूतिगृहाचा सर्व्हर सतरा वर्षांपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत होता. तिचे अपडेट कधीचेच बंद झालेले, नवं सॉफ्टवेअर तिच्यावर बसेना. रविवारी मी एसटीने गेले. जिन्याखाली, सलाइनच्या खोक्यांमागे घरघरणाऱ्या त्या मशीनवरची आधी धूळ पुसली, बॅकअप घेतला, शेजारी नवा सर्व्हर मांडून त्यावर नवी सिस्टीम चढवली. डॉक्टर मॅडम चहा पाठवत राहिल्या. त्यांना मी आठवत नव्हते. मीही आठवण दिली नाही.

नोंदी आता घरूनच, नेटवरून हलवत होते. पाच वाजता जुनी डिस्क पुसून मशीन कायमचं बंद करायचं होतं. अकरा हजारांवर नोंदी गेल्या, एकसष्ट अडल्या. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. तिथली पद्धत अशी, की दीड महिन्याच्या लसीच्या डोसाला बाळ आणलं की सिस्टर नाव विचारून भरायच्या. तोवर बारसं झालेलं असतं. या एकसष्टांना परत कुणी आणलंच नव्हतं. प्रत्येकाच्या जन्मतारखेपुढे दुसरी एक तारीख होती. जुन्या सिस्टीमला रिकामी जागा चालायची. नवीला चालत नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, ती गेलेली बाळं. काढून टाक, कोण बघणार आहे?" मग जरा थांबून, "नाहीतर काहीतरी भर बाई. पण पाचच्या आत."

मी भरत गेले. भिकुबाईचं बाळ. अमिनाबीचं बाळ. पुष्पाबाईचं बाळ, दोनदा. एकेक नोंद सुटायची आणि पलीकडे जायची. साठ झाल्या.

एकसष्टावी माझी. आई चारुलता, पत्ता माहेरचा. मुलगी. दोन किलो शंभर ग्रॅम. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. पहिलं बाळंतपण म्हणून धुळ्याला गेले होते. बाराव्या दिवशी नणंद असोद्याहून यायची होती, कानात नाव सांगायला. लेक नवव्या दिवशीच गेली. फोटोही नाही. सव्वा महिन्याच्या आत काढायचा नसतो, म्हणून आईने काढू दिला नव्हता. अंगडी-टोपडी सासूबाईंनी कुठे ठेवली ते मी सात वर्षांत विचारलं नाही. तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते या चार ओळींत, जिन्याखाली.

'चारुलताचं बाळ' लिहायला बोटं उचलेनात. बाकी साठांचं भराभर लिहिलं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्याची आता लाज वाटली.

सासूबाई चहा घेऊन आल्या. स्क्रीनवरचं माझं नाव त्यांनी वाचलं, तारीख वाचली.

"बारसंच नही व्हयनं, तं नाव कसानं, माय," म्हणाल्या, आणि कपावर बशी झाकून आत गेल्या.

पावणेपाचला पुनम उठली. डोळे चोळत येऊन मांडीत बसली. तिला नुकतीच अक्षरं लागलीत, दिसेल ते वाचते. चा, रु, करत तिने माझं नाव जुळवलं आणि हसली. मग बोट खाली सरकलं. मु, ल, गी. कोण मुलगी, म्हणाली.

तिला मी कधी सांगितलं नव्हतं. तुझी ताई, म्हटलं. तुझ्या आधी झाली होती. थोडेच दिवस होती.

झोपेने घामेजलेलं बोट तिने रिकाम्या रकान्यावर ठेवलं. काचेवर ठसा उमटला.

"मग तिला हाक काय मारायची?"