माणसं बसून, कठडा फिरतो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. उंचीला तुमच्या कमरेइतका, लांबीला दहा हात. देशाचे कायदे जिथे होतात त्या सभागृहाच्या मधोमध मी उभा असतो. माझ्या उजवीकडे सरकार पक्ष, डावीकडे विरोधी पक्ष. मला घडवलं ते इथल्या सुतारकाकांच्या वडिलांनी. रंधा मारताना ते काहीतरी गुणगुणत असत. माझ्या अंगावरच्या लाटांसारख्या रेषा त्या गुणगुणण्याच्याच असाव्यात, असं मला वाटतं.

आमच्या सभागृहाची रीत जरा निराळी आहे. निवडणुकीनंतर प्रत्येक सभासदाचा बाक एकदा ठरतो, तो पुन्हा बदलत नाही. कुणी बाजू बदलली तरी तो जागचा हलत नाही. मलाच उचलून त्याच्या पलीकडे नेतात. जमिनीत ओळीने भोकं आहेत, त्यांत माझ्या चार खुंट्या ठोकून बसवतात. माझ्या ज्या बाजूला जितकी डोकी, तितकी त्या बाजूची मतं.

पूर्वी मी वर्षानुवर्षं एका जागी असायचो. काका मला मेण लावून पुसायचे. पाहुणे हात फिरवून म्हणायचे, काय देखणं काम आहे!

मग ती निवडणूक आली. कुणालाच पुरेशा जागा मिळाल्या नाहीत. तीन पक्षांनी मिळून सरकार केलं. महिन्याभरात एक पक्ष रुसला, मी चार बाक सरकलो. दुसरा आला, मी तीन बाक परत. कालचे सोयरे आज परके, कालचे परके आज सोयरे. सरकारं पडली, उभी राहिली, आणि माझ्या खुंट्या झिजत गेल्या. "लेका, तू कठडा आहेस की झोपाळा?" काका मला विचारायचे. मला तरी कुठे कळत होतं? माझं डावं-उजवं मलाच उमगेना.

अगदी मधल्या बाकावर एक बाई बसत. आधी शिक्षिका होत्या, कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या. सगळे त्यांना पूलबाई म्हणत, कारण त्यांचं मागणं एकच होतं, गावच्या नदीवर पूल. पलीकडची मुलं होडीतून शाळेत येत. एकदा होडी उलटली आणि बाईंच्या वर्गातले दोन बाक रिकामे झाले. काका खुंट्या ठोकत असताना बाईंनी त्यांना हे सांगितलं होतं. त्या दिवशी काकांचा हातोडा बराच वेळ वर उचललेलाच राहिला.

पहिल्या सरकारने पुलाला हो म्हटलं आणि पडलं. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने मात्र आदेश काढला. पण काम सुरू होण्याआधी सरकार पडलं, तर आदेशही रद्द होणार होता. म्हणून बाईंनी सरकारला पाठिंबा लिहून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला बहुमत दाखवायची वेळ आली.

त्या सकाळी चिटणिसांकडून काकांना तीन चिठ्ठ्या आल्या. पहिलीत होतं, कठडा मधल्या बाकापलीकडे न्या. दुसरीत, कठडा जागेवरच ठेवा. तिसरीत नुसतं, आधीचं रद्द. आधीचं म्हणजे एक चिठ्ठी की दोन्ही? विचारायला चिटणीस सापडेनात, घंटा तर व्हायला आली. काकांनी दोन्ही रद्द धरल्या आणि मला होतो तिथेच ठेवलं, म्हणजे मधला बाक विरोधकांच्याच बाजूला राहिला.

बाई लांबून आल्या, उशिरा आल्या, मी कुठल्या बाजूला आहे ते न बघता बसल्या. मोजणी झाली. सरकारकडे शंभर, विरोधात एकशे एक.

बाई उठल्या. "अहो, मी सरकारबरोबर आहे. कालच लिहून दिलंय."

डावीकडून एकजण हसत म्हणाला, "बाई, लिहिलेलं फिरतं. कठडा खोटं बोलत नाही."

अध्यक्षांनी निकाल लिहायला पेन उचललं. बाईंचा हात माझ्यावर होता. सांगावं तर मला तोंड नाही. काका दाराशी उभे होते. सभागृहात नोकराने शब्द काढला तर नोकरी गेलीच, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"कठडा खोटं बोलत नाही साहेब," ते म्हणाले, "सुतार चुकलाय."

अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही कोण?

"ह्याला बसवणारा. तिन्ही चिठ्ठ्या खिशात आहेत, बघा."

चिटणिसांना बोलावलं. रद्द केली होती ती फक्त दुसरी. मला एक बाक सरकवलं. सरकारकडे एकशे एक, विरोधात शंभर. सरकार वाचलं, काकांची नोकरी गेली. बाई त्यांच्यामागे दारापर्यंत धावल्या. काका एवढंच म्हणाले, "तुमच्यासाठी नाही हो ताई. माझ्या हातून वाकडं बसलं होतं, ते सरळ केलं."

आणि गंमत बघा, तेच सरकार अकरा दिवसांनी पडलं. पण तोवर नदीत पहिला खांब रोवला गेला होता, आणि सुरू झालेलं काम थांबवायला पुढचं सरकार धजावलं नाही. आता मुलं पुलावरून पायी शाळेत जातात म्हणे. त्या सरकारांतलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, मला अजूनही सांगता येणार नाही.

हल्ली मला हलवायला रोज नवा माणूस येतो. चिठ्ठी वाचतो, दोन घाव घालतो, निघून जातो. मेण लावायला कुणाला सवड नाही. त्याचं दुःख मी गिळलं आहे. मित्रांनो, आम्हा वस्तूंना स्वतःचं मत नसतं. ठेवाल तिथे आम्ही उभे राहतो आणि लोक आमच्यावर विश्वास ठेवतात. म्हणून एवढंच मागतो. खुंटी ठोकण्याआधी मान वर करा, आणि तिथे कोण बसलं आहे ते एकदा पाहा.